वागळे इस्टेटमधला एक पावडर कोटिंगचा बूथ आणि योग्य ह्युरिस्टिक शोधायला लागलेले तीन महिने

माझ्या मावसभावाचं ठाण्यात वागळे इस्टेटला पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे. एक बूथ, एक बॅच ओव्हन, टाक्यांची लाइन आणि चौदा माणसं, सगळं जॉबवर्क. मी ऑप्टिमायझेशनच्या सॉफ्टवेअरचं काम करतो आणि राहतो वर्तकनगरला, म्हणजे बाइकवर दहा मिनिटं. मे महिन्यात दादा घरी जेवायला आला होता, तेव्हा म्हणाला, "रोज पावणेतीन तास नुसते कलर चेंजमध्ये जातात रे, वर माल उशिरा गेला की पार्ट्या ओरडतात, तू एवढं शेड्युलिंगचं काम करतोस तर आमचं पण बघ ना जरा." तिथून सुरू झालेलं हे काम ऑगस्टपर्यंत चाललं, आणि त्यात मी जे काही चुकीचं आणि बरोबर निवडलं ते सगळं इथे लिहितोय, कारण "कुठला अल्गोरिदम वापरू, जेनेटिक की अॅनीलिंग की टाबू" हा प्रश्न मला ज्युनिअर मुलं सारखी विचारतात (ही सगळी ह्युरिस्टिकची, म्हणजे अचूक उत्तराची हमी न देता थोड्या वेळात चांगलं उत्तर शोधणाऱ्या पद्धतींची नावं) आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

आधी काम कसं चालतं ते थोडक्यात. लोखंडाचा माल येतो, टाक्यांमधून जातो, म्हणजे डीग्रीसिंग, गंज काढणं, फॉस्फेटिंग आणि मध्ये मध्ये पाण्याने धुणं, मग सुकवून हुकवर टांगतात, बूथमध्ये गनने पावडर मारतात, ती स्थिर विजेमुळे पत्र्याला चिकटते आणि मग ओव्हनमध्ये साधारण १८०-२०० डिग्रीला ती वितळून पक्की होते. एका लॉटला बूथवर सरासरी सत्तावीस मिनिटं लागतात. पण एक रंग संपवून दुसरा घ्यायचा म्हणजे बूथ साफ करा, गनला, होजला, हॉपरला हवा मारा, कारण आधीच्या पावडरचा एक कण जरी राहिला तरी तो नव्या रंगावर ठिपका होऊन बसतो. आणि इथेच सगळी मजा आहे, कारण पांढऱ्यावरून लाइट ग्रेवर जायला दहा-बारा मिनिटं पुरतात पण काळ्यावरून पांढऱ्यावर यायचं तर पाऊण तास. जाण्याचा वेळ वेगळा, येण्याचा वेगळा.

वागळेतल्या आणि रबाळ्याच्या इलेक्ट्रिक पॅनेलवाल्या पार्ट्या जास्त, त्यामुळे राल (रंगांच्या ठरलेल्या नंबरांची यादी) ७०३५ म्हणजे लाइट ग्रे आणि राल ७०३२, ज्याला सगळे सीमेन्स ग्रे म्हणतात, हे दोन रोजचे. पॅनेलच्या आतली माउंटिंग प्लेट ऑरेंज, खालचा बेस काळा. शिवाय भिवंडीच्या एका रॅकवाल्याचा निळा, फर्निचरवाल्यांचा पांढरा आणि काळा टेक्सचर, कधीतरी मेटॅलिक. एकूण अकरा रंग नेहमीचे.

सुपरवायझर आहेत त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही मामाच म्हणतो. बावीस वर्षं ते या लाइनमध्ये आहेत. त्यांचा नियम साधा, सकाळी फिक्यापासून सुरू करायचं आणि संध्याकाळपर्यंत गडदवर जायचं, रात्री शिफ्ट संपल्यावर दोन पोरं थांबून बूथ पूर्ण साफ करतात म्हणजे सकाळी परत पांढऱ्यापासून सुरुवात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मान डोलावली आणि लॅपटॉप उघडला. तेव्हा थांबून विचार करायला हवा होता, कारण गडदवरून पांढऱ्यावर येण्याची महागडी उडी रात्रीच्या सफाईत फुकट पडते, हे या सगळ्या कोड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं आणि ते मामांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

मी केलं काय, तर थेट जेनेटिक अल्गोरिदम लिहिला. कारण तो मला येत होता, आधीच्या एका प्रोजेक्टचा कोड तयार होता आणि तिथे छान चालला होता. पुढच्या तीन दिवसांचे लॉट घ्यायचे, साधारण पंचेचाळीस, त्यांचा क्रम म्हणजे एक प्राणी, असे दोनशे प्राणी, त्यांचे संकर, थोडं म्युटेशन म्हणजे मधूनच एखादा रँडम बदल, वीस मिनिटं चालवायचं आणि सगळ्यात चांगला क्रम छापून द्यायचा. दोन दिवस मामांनी तो कागद घेतला आणि काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी चुकून एकाच सकाळचे दोन प्रिंट दिले, दोन वेळा रन केलं होतं म्हणून, आणि दोन्ही क्रम एकमेकांपासून एवढे वेगळे होते की मामा म्हणाले, "भाऊ, यातला खरा कुठला?" याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन्हींचा स्कोअरही, म्हणजे क्रम किती चांगला ते सांगणारा आकडाही, बराच वेगळा होता, म्हणजे एकाच प्रश्नाची दोन सारखीच चांगली उत्तरं आहेत असंही म्हणता येत नव्हतं, पद्धतच डळमळीत होती.

मग सव्वाअकराला एक अर्जंट लॉट आला. प्रोग्रॅम परत चालवला तर त्याने आख्खा दिवस उलथापालथा केला, जो माल फॉस्फेटिंग होऊन सुकून हुकवर टांगलेला होता त्यालासुद्धा संध्याकाळी ढकललं. जून महिना, बाहेर धो धो पाऊस, अशा दमट हवेत फॉस्फेट झालेला माल तासन्‌तास उघडा ठेवला तर त्यावर गंजाची पिवळी झाक येते आणि परत टाकीत घालावा लागतो. मामांनी कागद बाजूला ठेवला आणि स्वतःच्या नियमाने काम सुरू केलं. ते बरोबरच होते.

मग मी कोड बंद करून आठवडाभर फक्त बघत बसलो

हे मी सुरुवातीलाच करायला हवं होतं. रजिस्टर घेतलं, तीन आठवड्यांचं, अठरा कामाचे दिवस, २६२ लॉट. प्रत्येक लॉट कधी आला, टेम्पो कधी न्यायला येणार होता, कधी गेला, मध्ये कलर चेंजला किती वेळ गेला. हिशेब निघाला तो असा की रोज सरासरी १६५ मिनिटं कलर चेंजमध्ये, आणि २६२ पैकी २३ लॉट टेम्पो चुकल्यामुळे उशिरा गेले. हे मामांच्या नियमाचे आकडे, आणि कुठल्याही नव्या पद्धतीने आधी हे आकडे हरवले पाहिजेत. हे लोक विसरतात, तयार चालू असलेली पद्धत ही पण एक ह्युरिस्टिकच आहे आणि ती बावीस वर्षं घासून गुळगुळीत झालेली आहे.

दुसरं काम कलर चेंजचं टेबल. अकरा रंग म्हणजे एका रंगावरून दुसऱ्यावर जायच्या ११० जोड्या, त्या सगळ्या मोजायला काही महिने गेले असते. हेल्पर पोराच्या मोबाइलवर स्टॉपवॉच लावून आम्ही चाळीसेक जोड्या मोजल्या, बाकीच्या मामांना विचारून रंगांच्या घराण्यानुसार भरल्या, फिके, मधले, गडद, टेक्सचर, मेटॅलिक. एकच जोडी दोन दिवस मोजली तर चार-पाच मिनिटांचा फरक सहज पडायचा, कोण साफ करतंय त्यावर. ही पाच मिनिटांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मामांनी टेबल बघून अजून एक सांगितलं की काळ्या टेक्सचरनंतर त्याच दिवशी पांढरा ग्लॉसी घ्यायचाच नाही, तास घालवून साफ केलं तरी कुठेतरी ठिपका येतो आणि मग तो लॉट रीवर्कला, म्हणजे कोटिंग काढून परत पहिल्यापासून. याला मिनिटांत मोजण्यात अर्थ नव्हता म्हणून ते सरळ बंदीच्या यादीत टाकलं.

आता आकड्यांचा आकार बघू. एका दिवसाचे पंधरा लॉट कितीही प्रकारे लावता येतात असं आपण म्हणतो, ते प्रकार आहेत पंधरा फॅक्टोरियल, म्हणजे १५ गुणिले १४ गुणिले १३ असं एकपर्यंत, एक लाख तीस हजार कोटींच्या वर. हे ऐकून माणूस घाबरून लगेच ह्युरिस्टिककडे पळतो. पण फक्त कलर चेंजचा एकूण वेळ कमी करायचा असेल तर हा प्रवासी विक्रेत्याचाच प्रश्न आहे, म्हणजे सगळी गावं एकेकदा फिरायची तर सगळ्यात कमी अंतराचा क्रम कुठला, आणि त्याला १९६२ सालचं हेल्ड आणि कार्प यांचं डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (छोट्या भागांची उत्तरं जपून ठेवत त्यांवरून मोठं उत्तर बांधणं) आहे, ज्यात पंधरा लॉटसाठी पाच लाखांच्या आत अवस्था होतात, साधा लॅपटॉप ते चुटकीसरशी करतो आणि उत्तर अंदाजे नाही तर अचूक येतं. त्यातही एका रंगाचे लॉट एकत्रच घ्यायचे म्हटलं तर दिवसाला आठ-नऊ रंगच उरतात, नऊ फॅक्टोरियल म्हणजे ३,६२,८८०, ते तर सगळे क्रम एकेक करून तपासले तरी चालतं. म्हणजे प्रश्नाचा हा भाग सोडवायला ह्युरिस्टिकची गरजच नव्हती.

मी तो अचूक काढला. कलर चेंज १६५ वरून ८२ मिनिटांवर आला, निम्मा. आणि उशीर झालेले लॉट २३ वरून ६१ झाले. कारण उघड आहे, काळा रंग रोज शेवटी आणि काळ्या बेसवाल्या पार्टीचा टेम्पो दुपारी दोनला. दादाला मी दोन्ही आकडे दाखवले, तो म्हणाला, "पार्टी गेली तर मी रिकामा बूथ घेऊन काय करू?"

उशीर आत घेतला की मग ते अचूक डायनॅमिक प्रोग्रॅमिंग तसंच्या तसं चालत नाही, आणि याचं कारण मला महत्त्वाचं वाटतं. हेल्ड-कार्पमध्ये आपण फक्त एवढंच लक्षात ठेवतो की कुठले लॉट झाले आणि शेवटचा कुठला. पण तेच लॉट, तोच शेवटचा, तरी आत्ता घड्याळात किती वाजले हे आधीच्या क्रमावर अवलंबून असतं, कारण कलर चेंजचा वेळ क्रमाप्रमाणे बदलतो. मग कमी वेळ घेतलेला पण जास्त उशीर केलेला क्रम आणि जास्त वेळ घेतलेला पण उशीर न केलेला क्रम, दोन्ही जपून ठेवावे लागतात आणि यादी फुगत जाते. पंधरा लॉटला कदाचित जमेल. पण खरा फायदा एका दिवसात नव्हताच, हे रजिस्टर बघताना कळलं. ऑरेंजचा एक लॉट आज, एक उद्या, एक परवा असे तीन वेळा ऑरेंज लागायचे आणि त्यातल्या दोघांना परवापर्यंत वेळ होता. म्हणजे तीन दिवसांची खिडकी एकत्र बघायला हवी, पंचेचाळीस लॉट, मध्ये दोन रात्री आणि प्रत्येक रात्री फुकट सफाई. इथे ह्युरिस्टिक खरोखर लागते.

मूव्ह कुठली घ्यायची

१९९७ साली वोल्पर्ट आणि मॅकरेडी यांनी नो फ्री लंच नावाचा सिद्धांत मांडला, त्याचा अर्थ असा की जगातले सगळे शक्य प्रश्न घेऊन सरासरी काढली तर कुठलीच शोधपद्धत दुसरीपेक्षा सरस नाही. हे वाचून काही जण म्हणतात मग काहीही वापरा. मला त्यातून उलटं दिसतं, पद्धत जिंकते ती आपण आपल्या प्रश्नाबद्दल जे जाणतो ते तिच्यात घातल्यावरच. आणि ते घालण्याची जागा अल्गोरिदमच्या नावात नसते, ती असते मूव्हमध्ये, म्हणजे हातातल्या क्रमात एक छोटा बदल करून शेजारचा क्रम कसा बनवायचा त्यात.

प्रवासी विक्रेता म्हटलं की हात आपोआप टू-ऑप्टकडे जातो, क्रमातला एक तुकडा उचलायचा आणि उलटा करून ठेवायचा. रस्त्यांवर ते उत्तम चालतं कारण ठाण्याहून कल्याण आणि कल्याणहून ठाणे अंतर सारखंच. आमच्याकडे बघा काय होतं. पांढरा, मग ७०३५, मग ७०३२, मग ऑरेंज, मग काळा, असा तुकडा आहे, चेंजचे वेळ बारा, दहा, वीस, बारा, एकूण ५४ मिनिटं. हाच उलटा केला तर काळ्यावरून ऑरेंज चाळीस, ऑरेंजवरून ७०३२ पस्तीस, तिथून ७०३५ पंधरा, तिथून पांढरा पंचवीस, एकूण ११५. मामांनी फिक्याकडून गडदकडे लावलेलं जे शहाणपण आहे ते टू-ऑप्टच्या प्रत्येक मूव्हमध्ये उलटं होतं. त्यामुळे बहुतेक मूव्ह वाया जातात, शोध नुसता दमतो.

एक लॉट उचलून दुसरीकडे घालणे, ही इन्सर्शन मूव्ह, किंवा सलग दोन-तीन लॉट दिशा न बदलता उचलून दुसरीकडे नेणे, ज्याला १९७६ पासून ऑर-ऑप्ट म्हणतात, यात आतला क्रम शाबूत राहतो. ऑरेंजचा परवाचा लॉट उचलून आजच्या ऑरेंजला चिकटवणे ही एकच मूव्ह झाली. मी दुसरं काहीही न बदलता, तोच स्कोअर, तोच वेळ, फक्त टू-ऑप्टच्या जागी इन्सर्शन आणि तुकडा हलवणे एवढंच केलं आणि जो फरक पडला तेवढा पुढच्या दोन महिन्यांत कुठल्याही अल्गोरिदम बदलण्याने पडला नाही.

जेनेटिक का फसला हेही आता नीट दिसलं. मी जो क्रॉसओव्हर, म्हणजे संकराचा प्रकार, वापरला होता, १९८५ मधला डेव्हिसचा ऑर्डर क्रॉसओव्हर, तो एका पालकाचा तुकडा घेतो आणि बाकी जागा दुसऱ्या पालकाच्या क्रमाने भरतो. त्यात कोण आधी कोण नंतर हे बऱ्यापैकी टिकतं पण कोणाशेजारी कोण बसलंय हे तुटतं, आणि आमचा खर्च तर शेजारावरच बसलेला, त्यातून मुलाचं वेळापत्रक सरकलं की टेम्पोची वेळही हलते. शेजार जपणारे क्रॉसओव्हर आहेत, एज रीकॉम्बिनेशन वगैरे, पण ते घड्याळाची वेळ जपत नाहीत. जेनेटिक वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, आई आणि बापाचे चांगले गुण जिथे तुकड्या-तुकड्याने उचलता येतात तिथे तो छान चालतो, आमच्या प्रश्नात ते तुकडे तसे सुटत नव्हते.

स्कोअर सपाट असला की कोणीच काही करू शकत नाही

ही चूक पकडायला मला दहा दिवस लागले. दादाला हवं होतं उशिरा जाणाऱ्या लॉटची संख्या कमी करणं, म्हणून मी स्कोअरमध्ये संख्याच ठेवली होती. आता समजा एक लॉट चार तास उशिरा आहे. शोधाने तो एक तास पुढे आणला, तरी तो उशिराच, संख्या तीच, स्कोअर तोच. अजून एक तास आणला, तरी तेच. आपण बरोबर दिशेने चाललोय हे अल्गोरिदमला दिसतच नाही, सपाट माळरानावर रात्री चालल्यासारखं. मग स्कोअर बदलला, प्रत्येक लॉटचा उशीर मिनिटांत गुणिले त्याचं वजन (म्हणजे त्याचं महत्त्व), अधिक कलर चेंजची मिनिटं. संख्या शेवटी अहवालात दाखवायची, शोध मात्र मिनिटांवर चालवायचा.

वजनांवरून घरात वाद झाला. ऑर्डर बुकात बघावं तर प्रत्येक पार्टीच्या चलनावर अर्जंट लिहिलेलं, मग अर्जंटला काही अर्थच राहत नाही. शेवटी दादा बसला आणि त्याने तीनच गट केले, ज्यांची असेंब्ली आपल्या मालावाचून थांबते त्यांचं वजन पाच, ज्यांच्याकडे दोन-चार दिवसांचा साठा असतो त्यांचं एक, मधल्यांचं दोन. आणि चार पार्ट्यांना फोन करून विचारलं की टेम्पो दोनऐवजी साडेतीनला आला तर चालेल का, त्यातल्या तिघांनी हो म्हटलं. त्या तीन फोननी जेवढे उशिराचे लॉट वाचले तेवढे वाचवायला मला कितीतरी रात्री जागाव्या लागल्या असत्या. ज्या अटी आपण दगडावरची रेघ समजतो त्या आधी विचारून घ्याव्यात, मगच कोड.

शेवटची निवड

आता तुलना नीट करायची ठरवली. अठरा दिवसांपैकी बारा दिवस सेटिंग लावायला, सहा दिवस फक्त परीक्षेला, ते मी सेटिंग करताना उघडलेच नाहीत. प्रत्येक पद्धतीला नव्वद सेकंद, कारण सकाळी मामा चहा घेऊन उभे असतात आणि तेवढाच वेळ ते थांबतात. सुरुवातीचा क्रम सगळ्यांना सारखा, १९९७ मधल्या ली, भास्करन आणि पिनेडो यांच्या एटीसीएस नियमाने काढलेला, ज्यात प्रत्येक लॉटला एक निर्देशांक मिळतो, वजन किती, वेळेला किती सवड उरली आणि आत्ताच्या रंगावरून तिथे जायला किती खर्च, तिन्ही मिळून. प्रत्येक पद्धत दहा वेगवेगळ्या रँडम सीडने (सीड म्हणजे ज्या आकड्यावरून प्रोग्रॅमच्या रँडम निवडी ठरतात तो), आणि दहातला सगळ्यात चांगला नाही तर सगळ्यात वाईट निकाल बघायचा, कारण मामांच्या हातात एकच कागद जाणार, तो वाईटवाला पण असू शकतो.

एक होतं सिम्युलेटेड अॅनीलिंग. धातू तापवून हळूहळू थंड करण्यावरून हे नाव पडलं, कर्कपॅट्रिक, गेलाट आणि वेची यांनी १९८३ मध्ये मांडलं, गाभा १९५३ च्या मेट्रोपोलिसच्या पद्धतीचा. क्रम बिघडला तरी सुरुवातीला तो कधीकधी स्वीकारायचा, तापमान उतरलं की कडक व्हायचं. इथे तापमान कसं ठरवायचं यात लोक अडकतात, मी ते मिनिटांतच ठरवलं, सुरुवातीला दहा मिनिटांनी वाईट मूव्ह निम्म्या वेळा घ्यायची म्हटलं की तापमान १४ च्या आसपास येतं, शेवटी एक मिनिटाने वाईट मूव्ह जवळपास घ्यायचीच नाही म्हटलं की ०.२. आपल्या प्रश्नाच्या एककात विचार केला की अंधारात बाण मारावे लागत नाहीत.

दुसरं होतं इटरेटेड ग्रीडी, रुइझ आणि श्ट्युट्झले यांचं २००७ मधलं. कल्पना एकदम सोपी, क्रमातून चार लॉट रँडम काढायचे आणि एकेक करून जिथे सगळ्यात स्वस्त बसेल तिथे परत घालायचे, सुधारलं तर ठेवायचं, नाही तर थोडीशी ढिलाई देऊन पुढे. परत घालण्याची ही पद्धत १९८३ च्या नवाझ, एन्स्कोर आणि हॅम यांच्या नेह ह्युरिस्टिकसारखीच. तिसरं, साधी इन्सर्शनची सुधारणा वेगवेगळ्या सुरुवातींपासून पुन्हा पुन्हा. आणि चौथा माझा जुना जेनेटिक, न्याय म्हणून.

सहा दिवसांत ८८ लॉट होते. मामांच्या पद्धतीत त्यातले नऊ उशिरा होते आणि कलर चेंज रोज १६८ मिनिटं. अॅनीलिंग आणि इटरेटेड ग्रीडी दोन्ही तीन उशिरांवर आले, चेंज एकाचं ११९ आणि दुसऱ्याचं १२१. साध्या सुधारणेत पाच उशिरा. जेनेटिक नव्वद सेकंदांत मामांच्याही मागे राहिला.

११९ आणि १२१ मधून अॅनीलिंग निवडायचं का? आठवा, एकाच जोडीचा चेंज दोन दिवस मोजला तर पाच मिनिटांचा फरक. दिवसभराच्या बेरजेत दोन मिनिटांचा फरक म्हणजे तो पोरगा त्या दिवशी जरा लवकर जेवून आला एवढंच. या दोघांत स्कोअरवर निवड करणं म्हणजे आकड्यांवर नको तेवढा विश्वास टाकणं झालं असतं. मग मी इतर गोष्टी बघितल्या आणि इटरेटेड ग्रीडी घेतलं. त्यात फिरवायच्या खुंट्या दोनच, किती लॉट काढायचे आणि किती ढिलाई द्यायची, म्हणजे मी नसताना कोणी बिघडवायची शक्यता कमी. वाईट सीडलाही तो फारसा घसरत नव्हता. आणि सगळ्यात मोठं कारण, मधेच अर्जंट लॉट आला तर वेगळं काही लिहावंच लागत नाही, जे टाकीतून बाहेर आलंय ते गोठवायचं, नवा लॉट सगळ्यात स्वस्त जागी घालायचा, आजूबाजूचे चार काढून परत घालून बघायचे, बस. बाकी दिवस जसाच्या तसा राहतो. सीडही मी आता ठरलेला ठेवलाय आणि वेळेऐवजी फेऱ्या मोजून थांबवतो, एकाच सकाळी दोनदा चालवलं तर तोच कागद येतो.

मामांना मी हे समजावत होतो, चार काढा आणि चार घाला, तर ते म्हणाले, "अहो भाऊ, मी पण तेच करतो की, फक्त मला एका वेळी एकच दिसतो." त्या दिवसापासून कागद त्यांच्या खिशात असतो.

जुलैत एक दिवस असा आला की विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं आणि रबाळ्याचे दोन्ही टेम्पो अडकले, फोन आला की चारला येणारे सहानंतर येतील. मामांनी मोबाइलवर दोन्ही टेम्पोंच्या वेळा बदलल्या, दुरुस्ती चालवली, ७०३२ चे ते दोन लॉट मागे गेले, मध्ये फर्निचरवाल्याचा पांढरा बसला जो उद्यावर ढकललेला होता, आणि दिवसात एकही जादा चेंज पडला नाही. मी तेव्हा ऑफिसात होतो, मला हे संध्याकाळी कळलं, आणि मला त्याचा जेवढा आनंद झाला तेवढा कुठल्या स्कोअरने झाला नव्हता.

प्रत्यक्षात चालू झाल्यावर पहिल्या महिन्याची सरासरी १३० मिनिटं आली, कागदावरच्या १२१ पेक्षा जास्त, कारण लाइट जाते, माणूस सुट्टीवर असतो, पावडर संपते. तरी रोज पस्तीस मिनिटं वाचली म्हणजे एक लॉट जास्त निघतो.

आता ऑगस्टपासून रॅकवाल्याचा माल वाढलाय, त्याचे जाड अँगल आहेत आणि जाड लोखंडाला आतपर्यंत तापायला वेळ लागतो, त्यामुळे ओव्हन भरलेला आणि बूथ रिकामा उभा, असं आठवड्यात दोन-तीनदा होतंय. बूथवर आता अजून दहा मिनिटं वाचवून काही उपयोग नाही, ती ओव्हनच्या दाराशी वाट बघण्यात जातील. म्हणजे बूथ आणि ओव्हन असे दोन टप्पे आणि दुसऱ्यात एका वेळी अनेक लॉट एकत्र, त्यातही पातळ पत्रा आणि जाड अँगल एकत्र घालता येत नाहीत. मी अजून कुठली पद्धत ते ठरवलेलं नाही. मामांच्या रजिस्टरला दोन नवे कॉलम आखलेत, माल ओव्हनमध्ये किती वाजता गेला आणि किती वाजता निघाला, ते तीन आठवडे भरून होऊ देत.